खानदेशातील कामाचा कुत्रा: राखण, माग आणि सोबत

खानदेशात कुत्र्याला काम शिकवण्याची रीत पोलिसांच्या श्वान पथकापेक्षा कितीतरी जुनी आहे. मात्र तिच्यात शिकवणारा असा वेगळा कोणी नव्हता. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, पश्चिमेला सह्याद्री आणि मधे तापी, गिरणा, पांझरा यांची खोरी. या मुलखात मेंढपाळ, बंजारा आणि भिल्ल या तिघांनीही आपापल्या गरजेप्रमाणे कुत्रा घडवला. पोलिसांचे शिकवलेले कुत्रे आले ते स्वातंत्र्यानंतर. रुग्णाजवळ, मतिमंद मुलाजवळ किंवा घाबरलेल्या साक्षीदाराजवळ नुसते बसून राहणारा कुत्रा ही तर अगदी अलीकडची गोष्ट. राखण, माग आणि सोबत ही तीन कामे याच क्रमाने आली आणि प्रत्येक वेळी कुत्र्याकडून वेगळेच काहीतरी मागितले गेले.

राखणीचा कुत्रा सर्वांत जुना. साक्री तालुक्यातील आणि आसपासचे ठेलारी आजही पावसाळा संपला की मेंढरे घेऊन बाहेर पडतात. काढणी झालेल्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवायच्या, त्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे आणि पुढच्या शिवाराकडे सरकायचे, असा हा फिरता संसार असतो. रात्री जाळीच्या वाघुरीत मेंढरे आणि बाहेर लांडगा. मधे जे काही असते ते कुत्रेच. युरोपातल्या कोलीसारखा मेंढ्या वळवणारा, शिट्टीवर कळप डावी-उजवीकडे नेणारा कुत्रा दख्खनमध्ये नाही. इथे कळप माणूस हाकतो, कुत्रा फक्त राखतो. हे राखणे शिकवायची पद्धत साधी आहे. पिल्लू लहान असतानाच कोकरांत सोडतात. तिथेच ते झोपते, त्यांच्याच वासात वाढते आणि कळपाला आपले गोत समजू लागते. वयाचे पहिले तीन-चार महिने कुत्र्याच्या मनावर जो ठसा उमटवतात तो पुढे पुसत नाही, हे प्राणिवर्तनशास्त्राने विसाव्या शतकात प्रयोगांनी दाखवले. मेंढपाळ त्यावर आधीपासूनच चालत होता. कोकरांच्या मागे धावून त्यांना दमवणारे पिल्लू राखणीच्या कामाचे नसते. उरते ते संशयी, कमी झोपेचे आणि अनोळखी माणसावर सहजी विश्वास न ठेवणारे. कुत्र्यांच्या पिढ्यान् पिढ्या याच निवडीतून गेल्या आहेत.

बंजाऱ्यांचा कुत्रा थोडा निराळा. चाळीसगाव, पाचोरा, जामनेर या भागात आज स्थिरावलेले तांडे एकेकाळी हजारो बैलांवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरत. मुक्कामाला गोण्यांची भिंत रचायची, तिच्या आत माणसे-जनावरे आणि बाहेर कुत्रे, अशी रात्रीची व्यवस्था असे. उंच, सडपातळ, लांब तोंडाच्या या कुत्र्याची ब्रिटिश शिकाऱ्यांना मोठी भुरळ पडली. त्यांच्या लिखाणात तो ‘ब्रिंजारी कुत्रा’ म्हणून येतो. दिवसा हरणा-सशामागे पळायचे आणि रात्री गोण्या राखायच्या, अशी दुहेरी चाकरी तो करी. १८६०च्या दशकात खानदेशातून आगगाडी धावू लागली, भुसावळ हे मोठे जंक्शन झाले आणि बैलांवरची लदेणी बसली. तांडे शेतीकडे आणि मजुरीकडे वळले, तसे या कुत्र्याचे काम संपले आणि जातीची शुद्धताही राहिली नाही. गंमत अशी की ज्या रेल्वेने हा कुत्रा निकामी केला, तिच्याच मालाच्या आणि प्रवाशांच्या राखणीसाठी पुढे रेल्वे सुरक्षा दलाला आपली श्वान पथके उभारावी लागली.

भिल्लांकडे कुत्रा होता तो शिकारीसाठी. तिरकमठा घेतलेली माणसे, पुढे झुडपे धुंडाळणारी दोन-चार गावठी कुत्री, आणि ससा किंवा रानडुक्कर उठले की सगळ्यांची एकच पळापळ. पिल्लू जुन्या कुत्र्यांबरोबर रानात जायचे आणि पाहून पाहून शिकायचे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला तेव्हा डोंगरातले भिल्ल त्यांना सहजासहजी वाकले नाहीत. शेवटी १८२५ मध्ये लेफ्टनंट जेम्स आउट्रम याने भिल्लांचीच पलटण उभारायला घेतली. तिचे ठाणे धरणगावला होते. आउट्रमने भिल्लांचा विश्वास मिळवला तो बऱ्याच अंशी त्यांच्याबरोबर पायी वाघाची शिकार करून. त्या शिकारींतले कौशल्य भिल्लांचे होते: ओल्या मातीवरचा ठसा, मोडलेली काडी, अचानक ओरडणारे वानर यांवरून जनावर कुठे असेल ते सांगणे. माग काढण्याचे जे काम पुढे पोलिसांनी कुत्र्याच्या नाकावर सोपवले, ते खानदेशात तोवर माणसाच्या डोळ्यांवर चालत होते.

याच डोळ्यांवर गावचा बंदोबस्त उभा होता. खानदेशातल्या अनेक गावांत जागल्या भिल्ल असे. रात्री गस्त घालायची, आल्या-गेल्यावर नजर ठेवायची आणि चोरी झाली तर चोराची पावले धरून निघायचे, हे त्याचे काम. माग शेजारच्या गावच्या शिवेत गेला की तो तिथल्या जागल्याच्या हवाली करायचा. त्याने तो आपल्या हद्दीपार काढून दाखवायचा, नाहीतर नुकसानीची जबाबदारी त्या गावावर. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये अहवाल लिहिला. गावराखणीची ही पद्धत त्याने त्यात नोंदवली आहे. या रीतीत एक शहाणपण होते. माग चुकला तर कोणाला तरी भुर्दंड बसे, म्हणून माग काढणारा जपून बोले. जागल्याच्या चाकरीसारखी कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५९ मध्ये अमलात आला. त्याच वर्षी मुंबई पोलिसांनी डॉबरमन कुत्र्यांचे श्वान पथक सुरू केले. हा निव्वळ योगायोग आहे, पण गावच्या चाकरीतून गेलेले एक कसब नेमके तेव्हाच सरकारी कुत्र्याकडे आले.

पुढे महाराष्ट्रात जिल्ह्या-जिल्ह्यात श्वान पथके झाली, तशी ती जळगाव आणि धुळ्यातही आली. धुळ्याला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे, पण तिथे माणसे शिकतात. कुत्र्यांची शाळा पुण्याला, राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या शिवाजीनगरच्या केंद्रात. जिल्ह्यातून पिल्लू आणि त्याचा हस्तक दोघेही तिकडे जातात आणि महिनोन् महिने बरोबर शिकतात. पोलिसी मराठीत कुत्रा सांभाळणाऱ्याला हस्तक म्हणतात. खाऊ घालणे, खरारा, फिरवणे, आजारपण हे सगळे त्याच्याच हातून व्हावे लागते. आधी आज्ञापालन: बसणे, आडवे होणे, जागेवर थांबणे, हस्तकाच्या डाव्या पायाला लागून चालणे. मग परक्याने दिलेले खाणे नाकारणे. त्यानंतर कामाप्रमाणे वाटा फुटतात. गुन्हेशोधक कुत्र्याला घटनास्थळी सापडलेल्या वस्तूचा वास देऊन माग काढायला शिकवतात. स्फोटकांच्या कुत्र्याला ठरावीक वासांची ओळख करून देतात, आणि तो वास सापडला की भुंकायचे किंवा उकरायचे नाही, गुपचूप बसायचे, हे अंगवळणी पाडतात. वास सापडल्यावर मिळणारा चेंडू हीच त्याची बक्षिसी. कुत्रा बॉम्ब शोधत नसतो, चेंडू शोधत असतो. पुण्याला शिकून मुंबईच्या बॉम्बशोधक पथकात गेलेल्या झंजीर या लॅब्रॅडॉरने १९९३च्या साखळी स्फोटांनंतर ३,३२९ किलो आरडीएक्स शोधायला मदत केली. २००० साली तो हाडांच्या कर्करोगाने गेला, तेव्हा त्याला शासकीय इतमामात निरोप दिला गेला. महाराष्ट्रातल्या सामान्य वाचकाच्या मनात पोलिसी कुत्र्याची जी प्रतिमा आहे ती बरीचशी त्याच्यामुळे.

खानदेशातले काम मुंबईपेक्षा वेगळे आणि काही बाबतींत कठीण. वास म्हणजे जमिनीवर आणि हवेत रेंगाळणारे सूक्ष्म कण आणि बाष्प. ओलावा असला तर ते टिकतात. कोरड्या तापलेल्या जमिनीवरून लवकर उडून जातात. रावेर-यावलच्या पाणी दिलेल्या केळीच्या बागेत पहाटे घेतलेला माग आणि मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीकडे गेलेला असताना, भरदुपारी डांबरी रस्त्यावर घेतलेला माग यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. त्यात कुत्र्याला घाम फारसा येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि धापा टाकणारे नाक नीट हुंगू शकत नाही. शिवाय घटनास्थळी पोलिसांच्या आधी निम्मे गाव येऊन गेलेले असते. चोरी-घरफोडीच्या बातम्यांत ‘श्वान रस्त्यापर्यंत जाऊन तेथेच घुटमळले’ हे वाक्य वर्षानुवर्षे छापून येते आणि वाचक त्यावर हसतात. पण त्या घुटमळण्यातही माहिती असते. चोर तिथून पुढे पायी गेला नाही, गाडीत बसला, एवढे तरी त्यातून कळते आणि तपास त्या दिशेने सरकतो.

कुत्र्याच्या मागावर माणसाला शिक्षा द्यायची का, हा प्रश्न न्यायालयापुढे आला तोही महाराष्ट्रातूनच. अब्दुल रझाक मुर्तझा दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या रेल्वेच्या घातपाताच्या खटल्यात पोलिसी कुत्र्याने संशयिताला ओळखले होते. १९७०च्या निकालसंग्रहात आलेल्या या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा पुराव्यावरचे आक्षेप नोंदवले. कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही, त्याच्या वतीने हस्तक बोलतो, म्हणजे पुरावा ऐकीव होतो. त्याची उलटतपासणी घेता येत नाही. आणि माणसाचे स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर टांगून ठेवणे बरे नाही. त्यानंतरच्या निकालांनीही हीच सावध वाट धरली. श्वान पथक तपासाला दिशा देते, गुन्हा शाबीत करत नाही. जागल्याचा माग गावाला भुर्दंड घालू शकत होता, श्वानाचा माग कोणाला तुरुंगात घालू शकत नाही. बदल चांगला झाला असेच म्हणावे लागेल.

सोबतीच्या कुत्र्याची वाट मात्र खानदेशात सुरू झाली नाही. ती दवाखान्यांतून आली. १७९६ मध्ये इंग्लंडमधील यॉर्क येथे विल्यम ट्यूक यांनी मनोरुग्णांसाठी ‘रिट्रीट’ उघडले. तिथे साखळदंडांऐवजी बाग, ससे आणि कोंबड्या होत्या. दुबळ्या जिवाची काळजी घेता घेता रुग्ण स्वतः सावरतो, अशी त्यामागची समजूत. १९६०च्या सुमारास न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्या खोलीत एक अबोल मुलगा त्यांच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याशी खेळू लागला आणि हळूहळू डॉक्टरांशीही मोकळा झाला. लेव्हिन्सन यांनी हा अनुभव मांडला तेव्हा सहकाऱ्यांनी आधी थट्टाच केली. १९७६ मध्ये अमेरिकेत परिचारिका इलेन स्मिथ यांनी थेरपी डॉगची नोंदणी करणारी संस्था काढली. आशियात १९९१ मध्ये हाँगकाँगच्या एका बाल रुग्णालयात जिल रॉबिन्सन यांनी ‘डॉक्टर डॉग’ हा उपक्रम सुरू केला. महाराष्ट्रात हे काम रुजवले ते मुंबईच्या मानसशास्त्रज्ञ मीनल कविश्वर आणि त्यांच्या अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशनने. स्वमग्न मुले, विशेष शाळा, रुग्णालये अशा ठिकाणी कुत्र्यांच्या मदतीने उपचार ही कल्पना तिथून इतर शहरांत पोचली. अलीकडे मुंबईच्या विमानतळावरही प्रवाशांचा ताण हलका करायला अशी कुत्री फिरताना दिसतात.

या कुत्र्यांत दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत वारंवार होते. थेरपी डॉग हा बहुधा घरातलाच कुत्रा असतो. आठवड्यातून एखाद-दोन वेळा मालकाबरोबर दवाखान्यात किंवा शाळेत जातो आणि परत येतो. फॅसिलिटी डॉग मात्र संस्थेच्या कामालाच वाहिलेला असतो. तिथला समुपदेशक किंवा कर्मचारी हा त्याचा हस्तक, आणि रोजचा कामाचा दिवस हे त्याचे आयुष्य. त्याला पिल्लूपणापासून जवळपास दोन वर्षे तयार करावे लागते. पोलिसी कुत्र्याला एका माणसाचा करतात, याला सगळ्यांचा. राखणीच्या कुत्र्यात ज्या संशयी स्वभावाची जपणूक होते, तो इथे पहिल्याच चाळणीत बाद होतो. पाठीमागे स्टीलचे ताट धाडकन पाडतात आणि कुत्रा दचकून किती वेळात सावरतो ते पाहतात. दचकू नये अशी अपेक्षा नसते, सावरायला हवा. चाकाची खुर्ची शेपटीजवळून नेतात. कोणी काठी आपटत येतो, कोणी कान ओढतो, कोणी दोन्ही हातांनी गच्च मिठी मारतो. जमिनीवर बिस्किटाचा तुकडा टाकतात आणि कुत्र्याने त्याकडे पाहून मान वळवावी लागते, कारण दवाखान्यात तीच सवय सांडलेल्या गोळीपासून त्याला वाचवते. हस्तक खोलीबाहेर गेल्यावर अनोळखी माणसाजवळ काही मिनिटे शांत राहणे ही आणखी एक परीक्षा. अमेरिकन केनेल क्लबने १९८९ मध्ये सुरू केलेली दहा भागांची सुस्वभावी कुत्र्याची चाचणी जगभर अशा निवडीची पहिली पायरी म्हणून वापरली जाते. यातले निम्मे काम शिकवण्याचे आणि निम्मे ओळखण्याचे. जो कुत्रा माणसांच्या गर्दीत खरोखर सुखी नाही, त्याला आज्ञेने सुखी करता येत नाही. जांभया येणे, ओठ चाटत राहणे, मान फिरवणे ही त्याच्या ताणाची लक्षणे. जाणता हस्तक ती दिसताच काम थांबवतो.

फॅसिलिटी डॉगचे सर्वांत नाजूक काम न्यायालयातले. अमेरिकेत सिॲटलच्या सरकारी वकील एलन ओ’नील स्टीफन्स यांनी २००३ मध्ये आपल्या मुलाचा सेवेचा कुत्रा जीटर कार्यालयात आणला आणि अत्याचारग्रस्त मुले त्याच्याजवळ बोलू लागली. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारी वकील कार्यालयात एली ही शिकवलेली कुत्री कायमची नेमली गेली. साक्ष देताना मुलाच्या पायाशी आडवे पडून राहायचे, उठायचे नाही, आवाज करायचा नाही, इतकेच तिचे काम. खानदेशाला या प्रश्नाचे गांभीर्य वेगळे सांगायला नको. १९९४ मध्ये उघडकीला आलेल्या जळगावच्या लैंगिक शोषण प्रकरणात तपास अडखळला तो साक्षीपाशीच. बदनामीच्या धाकाने अनेक पीडित मुली पुढे आल्याच नाहीत. २०१२च्या पॉक्सो कायद्याने विशेष न्यायालयात मुलांना धीर वाटेल असे वातावरण असावे, विश्वासातले माणूस जवळ असावे आणि आरोपी नजरेसमोर नसावा अशी व्यवस्था केली. बंडू ऊर्फ दौलत या महाराष्ट्रातल्या खटल्यात पीडित मुलगी मूकबधिर होती आणि तिची साक्ष झाली नव्हती. २०१७ मध्ये त्यावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने असुरक्षित साक्षीदारांसाठी खास केंद्रे उभारायला सांगितले. २०२२ मध्ये स्मृती तुकाराम बडदे यांच्या प्रकरणात हा आदेश अधिक व्यापक झाला आणि प्रत्येक जिल्ह्यात किमान एक केंद्र हवे असे ठरले. जळगाव आणि धुळेही त्यात आले. या तरतुदींत कुत्र्याचा उल्लेख नाही आणि त्याला मनाईही नाही. अमेरिकेत मुख्य आक्षेप असा घेतला गेला की कुत्रा पाहून ज्युरीला साक्षीदाराची कणव येते. भारतात ज्युरी राहिलेली नाही, निर्णय न्यायाधीशाचा, त्यामुळे या आक्षेपाला इथे तितके वजन नाही. खरी अडचण दुसरीच आहे. खानदेशातल्या खेड्यातले मूल कुत्र्याला गोंजारायला जितके उत्सुक असेल, तितकेच त्याला घाबरणारेही असू शकते. रेबीजची भीती घरोघरी असते आणि ती उगाच नाही. म्हणून कुत्रा खोलीत आणण्याआधी मुलाला विचारणे हा या कामाचा पहिला नियम आहे.

हवामानाचा प्रश्नही आहेच. लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर हे शांत स्वभावाचे म्हणून जगभर या कामाला घेतले जातात, पण त्यांची जाड लव थंड मुलखासाठी. खानदेशच्या उन्हाळ्यात त्यांना पहाटे आणि सूर्य कलल्यावरच बाहेर काढावे लागते. गावठी कुत्रा या उन्हाला सरावलेला आणि सहसा आजारी न पडणारा. चेन्नईत ब्लू क्रॉस संस्थेने रस्त्यावरून वाचवलेली कुत्री मुलांच्या उपचारांत वापरली आहेत. उत्तराखंड पोलिसांनी ‘ठेंगा’ नावाचा गावठी कुत्रा शोधकामासाठी तयार केला. रेबीज आणि इतर लसी, जंतनाशक, गोचिडांचा बंदोबस्त आणि दर काही महिन्यांनी तपासणी हे सगळे मात्र कोणत्याही जातीला चुकत नाही. एका वेळी कामही तासाभराच्या आतच ठेवतात. पोलिसी कुत्रा साधारण आठ ते दहा वर्षांचा झाला की निवृत्त होतो. बहुतेक वेळा त्याला सांभाळायला त्याचा हस्तकच पुढे येतो. थेरपी डॉगला निवृत्तीचा समारंभ नसतो, कारण तो मुळात घरातच राहत असतो. दवाखान्यात नेणे बंद होते आणि नेहमीचा पट्टा खुंटीला राहतो. फॅसिलिटी डॉगच्या बाबतीत मात्र संस्था आधीच ठरवून ठेवते: त्याचे पुढे कोण बघणार, खर्च कोणाचा आणि त्याच्या जागी येणारे पिल्लू कोणत्या वर्षी शिकायला घालायचे.